वेंकोबारावांच्या रित्या रकान्याची हकीकत

श्रीगजाननास साष्टांग नमस्कार, कुलस्वामीस अभिषेकाचा वायदा, आणि वीज व वायफाय या उभयतां चंचल देवतांस दुरूनच दंडवत घालून हकीकत लिहिली जाते ऐसी कीं, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, वैशाख मासीं, चेन्नपट्टण शहरीं सूर्यनारायण ऐसे कोपले होते कीं रस्त्याचें डांबर चपलेस धरून बसे आणि सोडीना, ते समयीं वेस्ट मांबळम प्रांतीं राजश्री मुरलीराव यांचे घरीं कन्येच्या लग्नाची तयारी चालली असतां जो गहजब जाहला, दोघे सख्खे भाऊ एकमेकांस पारखे होऊन लग्न मोडूं पाहत होतें, आणि तें अवघें दोन आडव्या रेघांच्या पायीं, तो सारा मजकूर लिहून ठेवावा, कोणाची भीड धरूं नये, ऐसी आज्ञा आम्हां बखरनविसास वधू चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हरिणीबाईसाहेब यांची जाहली. भीड धरूं नये म्हटल्यावर आम्हीं धरणार नाहीं. ज्यास राग येईल त्याणें खुशाल यावें, आमचे येथें फिल्टर कॉफी घ्यावी, आणि रागासहित परत जावें.

प्रथम घराणें सांगतों. मुरलीरावांचे पूर्वज तंजावरचे, पुढें चाकरीनिमित्त चेन्नईस आले आणि येथेंच राहिले, आणि मग घरांत मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरींत इंग्रजी ऐसी त्रिस्थळी यात्रा पिढ्यानपिढ्या चालूं राहिली. मुरलीराव स्वतः विमा कचेरींत वरिष्ठ कारकून होते, मनुष्य देवभोळा, मायाळू, परंतु राग नाकाच्या शेंड्यावर ठेवून हिंडणारा. त्यांचें कुटुंब मातुश्री सरोजाबाईसाहेब, दौलतीचा खरा कारभार यांचे हातीं. कन्या हरिणीबाई संगणकाच्या कंपनींत जावास्क्रिप्ट नामें विद्येच्या जोरावर मोठ्या पगाराची सरदारी करीत. आणि नियोजित जांवई यशवंतराव, यश म्हणोन हाका मारीत, हे नाशिकचे, ओरगडम प्रांतीं मोटारींच्या कारखान्यांत तीच विद्या करीत होते. सरोजाबाईंस जांवयाची मराठी वर्तमानपत्रासारखी वाटे, आणि जांवयास सासूची मराठी ताम्रपटासारखी वाटे, तरी दोघेही एकमेकांस सारें समजलें ऐसी मान हालवीत, आणि मग बाहेर येऊन हरिणीबाईंस अर्थ पुसत.

आणि मग थोरले बंधू. मुरलीरावांचे ज्येष्ठ बंधू राजश्री वेंकोबाराव, यांस सर्वत्र अण्णा म्हणत, आणि हरिणीबाई थोरले काका म्हणत. हे एन्नोरच्या वीजकेंद्रांत चाकरी करून निवृत्त जाहले आणि तेथेंच कुटुंब कमलिनीबाईंसह राहिले. मुरलीरावांची बदली तिरुनेलवेलीस जाहली ते वेळीं हरिणीबाई लहान, शाळा मध्येंच सोडवेना, म्हणोन या काकांनीं तिला एन्नोरीं ठेवून घेतलें, स्कूटरीवर पुढें उभी करून शाळेस नेलें, गणितें करून घेतलीं, आणि चुकलें तर कान पिळून लागलीच जिलबी आणून दिली. स्वतःस अपत्य नाहीं, तेव्हां सारी माया तिचे ठायीं. हें ध्यानीं ठेवावें, कारण सारा मामला येथेंच आहे.

आतां मोहिमेचें मूळ. लग्न ठरलें तेव्हां यशवंतरावांचे मनीं आलें कीं सासऱ्यांस कांहीं कर्तब दाखवावें, म्हणोन त्यांनीं सुटीचे दिवशीं बसून आमंत्रणाचें एक वेबपान सिद्ध केलें. त्यावर गणपति, त्याखालीं वधूवरांची नांवें, आणि प्रत्येक पाहुण्यास आपापला एक रकाना कीं 'किती मंडळी येणार?' येणारानें आकडा घालावा, आणि न येणारानें 'येणें होणार नाहीं' या कळीस बोट लावावें. आकडा पडला कीं नांव हिरवें, नकार आला कीं नांव लाल, आणि खालीं पानांची बेरीज आपोआप, म्हणजे आचाऱ्यास केळीचीं पानें किती मांडावीं तें कळावें. मुरलीराव तें पाहून ऐसे खूष जाहले कीं त्यांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावून पान दाखविलें आणि 'आमच्या जांवयानें केलें' ऐसें ज्यास त्यास सांगितलें. मग त्याची लिंक साऱ्या गोताच्या फोनांवर एकदम रवाना जाहली. थोरल्या बंधूंस मात्र सहकुटुंब जाऊन, हळदकुंकू अक्षत देऊन, हातीं तांबूल देऊन बोलवावें ही कुळाची रीत, तेव्हां मुरलीरावांनीं मनीं योजिलें कीं चांगला दिवस पाहून एन्नोरास जाऊं, लिंक गेली ती नुसती माहितीकरितां.

आणि येथेंच घात जाहला! यशवंतरावांची समजूत ऐसी कीं प्रश्न पुसिला कीं मनुष्य उत्तर देतो. भला मनुष्य! तंजावरी गोतांत सख्ख्या माणसानें घरच्या कार्यास 'येतों' म्हणोन कळवावें हाच अपमान. येणार कीं नाहीं हें परक्यास पुसावें, व्याह्याच्या साहेबास पुसावें, वरच्या मजल्यावरील भाडेकऱ्यास पुसावें. मावशा, आत्या, चुलते यांनीं काय म्हणोन उत्तर द्यावें? ते येणारच, आणि येतांना आणखी चौघांस आणणार. तेव्हां लिंक पाहून साऱ्या गोतानें फोनावर जोडलेल्या हातांचें चित्र धाडिलें, बहुतेकांनीं पान उघडलें सुद्धां नाहीं, आणि न्याहारीस काय आहे एवढेंच पुसून सगळे स्वस्थ बसले. उत्तरें आलीं तीं कचेरींतल्या लोकांचीं आणि शेजाऱ्यांचीं.

दुसरे दिवशीं मुरलीराव कॉफीचा पेला हातीं घेऊन पान उघडून बसले आणि पाहतात तों अगदीं वरचेंच, थोरल्या बंधूंचें, नांव लाल! शेजारीं अक्षरें, 'येणार नाहीत'. पेला तेथेंच कलंडला, तळपायाची आग मस्तकास गेली, आणि मुरलीराव गरजले कीं, 'मी बोलवावयास जाण्याआधींच नकार? एकुलती एक मुलगी, आणि सख्खा भाऊ बोट लावून नाहीं म्हणतो? सेरी, बरें! समजलों!' मग तत्क्षणीं फर्मान सुटलें कीं एन्नोरास कोणीं जाऊं नये, अण्णाचें नांव या घरांत काढूं नये, आणि जो काढील त्यास दुपारची कॉफी बंद. सरोजाबाईंनीं समजावून पाहिलें, परंतु त्या समयीं ते कोणाचें ऐकण्याच्या ताळ्यावर नव्हते.

वाचणारा म्हणेल, एक फोन करावा कीं नाहीं? आहो, केला! सरोजाबाईंनीं वैनीस म्हणजे कमलिनीबाईंस फोन केला, आणि उभयतां जावा अर्धी घटका बोलल्या. उन्हाळा बोलल्या, गुडघे बोलल्या, वडाम-पापड वाळत घातल्याचें बोलल्या, कोणाच्या सुनेनें केस कापिले तें बोलल्या, आणि लग्नाचा विषय मात्र एकीनेंही काढिला नाहीं, कारण ही म्हणे त्यांनीं आधीं काढावा, आणि ती म्हणे यांनीं आधीं काढावा. मग दोघींनीं 'बरें, ठेवतें' म्हणोन फोन ठेविला, आणि दोघींनींही आपापल्या घरीं सांगितलें कीं पहा, एक शब्द काढिला नाहीं. बेदिली यामुळें दुप्पट जाहली.

हें वर्तमान हरिणीबाईंस कळलें तेव्हां त्या कामावरून आल्या होत्या, पाठीची पिशवी सुद्धां उतरली नव्हती. त्यांनीं बापास कांहीं म्हटलें नाहीं, आईस कांहीं म्हटलें नाहीं, फक्त भावी वरास फोनावरून हुकूम धाडिला कीं, 'यश, थोरले काका नसतील तर मी मांडवात बसणार नाही. मुहूर्त काय असेल तो असो. तू आणि अप्पा दोघं मिळून बसा.' यशवंतरावांचे तोंडचें पाणी पळालें. नाशिकाहून आईबापांचीं तिकिटें निघालीं, मामांनीं सुटी घेतली, स्वतःचा कोट शिंप्याकडे, आणि वधू मांडवांत बसणार नाहीं! ते दुसरे दिवशीं कामास दांडी मारून मांबळमास हजर जाहले, आणि सासऱ्यांसमोर येऊन काय बोलावें न सुचून, 'बाबा, एसी चालू करू का?' एवढेंच बोलले.

तों दारीं सुब्बा आचारी येऊन ठाकले. हे मुदपाकखान्याचे सेनापति, देह थोर, बोलणें त्याहून थोर, यांचे हातचें रसम प्याल्यावर आम्हीं स्वतः दोन वेळ डोळे मिटून बसलों आहों. त्यांनीं पुसिलें कीं अम्मा, पानें किती? आणि उत्तराविना हालणार नाहीं म्हणोन भिंतीस टेकून बैठक मारिली. सरोजाबाईंनीं फोन उघडून वाचावयास आरंभ केला. धाकटी मावशी, लाल. आत्या, लाल. कुंभकोणमचे मामेसासरे, लाल. सरोजाबाईंचा आवाज उतरूं लागला. गिरिधरराव पुरोहित, ज्यांनीं लग्न लावावयाचें, तेही लाल. सुब्बा आचारी उठून उभे राहिले आणि म्हणाले कीं अम्मा, भटजी येणार नाहींत तर मी काय करूं, मंत्र मी म्हणूं काय? आणि मग सरोजाबाईंनीं पुढलें नांव वाचलें आणि फोन मुरलीरावांचे तोंडापुढें धरिला, कारण तें नांव खुद्द मुरलीरावांचें होतें, आणि तेंही लाल!

एकच कल्लोळ जाहला. वधूपित्यानें कन्येच्या लग्नास येण्यास साफ नकार दिला आहे, ऐसें यंत्र लेखी सांगत होतें. सरोजाबाई म्हणाल्या, 'अय्यो, तुम्हीं काय म्हणून नाहीं म्हटलें?' मुरलीराव म्हणाले, 'मी कोठें काय म्हटलें? मी हात सुद्धां लाविला नाहीं!' आणि हें वाक्य बोलून ते आपणच थबकले. हरिणीबाई दारांत उभ्या राहून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, 'अप्पा, तुम्ही हात लावला नाही आणि लाल. मग काकांनी तरी हात लावला होता कशावरून?' मुरलीरावांनीं फोन घेऊन आपलें नांव फिरून वाचून पाहिलें.

मग दिवाणखान्यांत खलबत भरलें. लॅपटॉप मध्यें, एकीकडे हरिणीबाई, एकीकडे यशवंतराव, पाठीशीं सासूसासरे, आणि सुब्बा आचारी पानांच्या आकड्यासाठीं अडून बसलेले. हरिणीबाईंनीं वही उलगडावी तैशी पानाची आंतली बाजू, म्हणजे कोड, उघडिली, आणि एका ओळीवर बोट ठेवून यशवंतरावांकडे ऐसें पाहिलें कीं त्यांची पांचावर धारण बसली.

या जागीं अज्ञ वाचकाकरितां शास्त्रार्थ सांगणें प्राप्त आहे. जावास्क्रिप्ट नामें राज्यांत रितेपण दोन प्रकारचें. एक नल. नल म्हणजे कोणी जाणता मनुष्य रकान्याशीं आला, त्याणें विचार केला, आणि 'येथें कांहीं नाहीं' ऐसी मोहर करून गेला. येणें होणार नाहीं या कळीस बोट लाविलें कीं यशवंतरावांच्या योजनेप्रमाणें रकान्यांत नल बसे. दुसरें अनडिफाइन्ड. तेथें कोणी आलेंच नाहीं, कोणीं विचार केलाच नाहीं, रकाना जन्मापासून तैसाच पडून आहे. नल हा नकार, आणि अनडिफाइन्ड हें नुसतें मौन. दोघे दुरून दिसतात सारखे, दोघांचेही हात रिते. नलाची आणखी एक तऱ्हा ऐकावी. त्यास पुसावें तूं कोण, तर म्हणतो मी वस्तु. पाहूं जातां आंत कांहीं नाहीं. हा दोष जुना आहे, आतां काढूं जातां अर्धें जग मोडेल, म्हणोन त्यास कोणी हात लावीत नाहीं. प्रत्येक गोतांत ऐसा एक मनुष्य असतो, नांव घेत नाहीं.

आणि या राज्यांत दोन चौक्या. दोन बरोबर चिन्हांची चौकी ढिली, तेथला शिपाई उदार. नल आला काय आणि अनडिफाइन्ड आला काय, तो म्हणतो दोघेही रिते, म्हणजे एकच, चला. तीन बरोबर चिन्हांची चौकी कडक. तेथला शिपाई खाष्ट, तो ऐवजही पाहतो आणि प्रकारही पाहतो, आणि नल वेगळा, अनडिफाइन्ड वेगळा ऐसें तोंडावर सांगतो. यशवंतरावांनीं रंग देण्याच्या ओळींत एक चिन्ह, म्हणजे दोन आडव्या रेघा, वांचविलें आणि दोनच बरोबर चिन्हें ठेविलीं. तेणेंकरून ज्यांनीं नाहीं म्हटलें ते लाल, आणि ज्यांनीं कांहींच म्हटलें नाहीं, म्हणजे सारे सख्खे, सारे जिवाचे, सारे येणारच, तेही लाल. परके तेवढे हिरवे. हरहर! एका चिन्हाची काटकसर आणि सारें गोत बुडालें.

यशवंतराव शरमिंदे जाहले, परंतु मर्द गडी, म्हणाले 'थांबा, दोन मिनिटांत करतो', आणि घाईंत कोणास न पुसतां दोन बरोबर चिन्हें उपटून त्या जागीं उद्गारचिन्ह घालून मोकळे जाहले. आतां या उद्गारचिन्हाचा कायदा रानटी. जें पोकळ दिसेल तें सारें कापावें, नल कापावा, अनडिफाइन्ड कापावा, आणि शून्य आढळल्यास शून्यही कापावें. सरोजाबाईंचे बंधू राजगोपाळराव, ब्रह्मचारी, नंगनल्लूरीं एकटे राहतात, त्यांनीं भाचीस फोनावर सांगितलें होतें कीं माझे बरोबर कोण येणार, शून्य घाल, म्हणोन हरिणीबाईंनीं त्यांचे रकान्यांत शून्य घातलें होतें आणि ते आजवर हिरवे होते. उद्गारचिन्ह बसतांक्षणीं राजगोपाळराव धाडकन लाल!

हें पाहून सरोजाबाई, ज्या इतका वेळ शांत होत्या, त्या पदर खोचून पुढें आल्या आणि म्हणाल्या कीं, 'हें पहा, त्यांचा भाऊ लाल झाला तेव्हां मी तोंड मिटून बसलें. आतां माझा भाऊ लाल झाला? येणार म्हणून सांगितलेला मनुष्य?' मुरलीरावांस या वेळीं हंसूं आलें, तें त्यांनीं हंसावयास नको होतें. मग उभयतांत माहेर आणि सासर या जुन्या प्रांतांवरून चकमक उडाली, सुब्बा आचारी मध्यस्थीस गेले ते दोन्हींकडून मार खाऊन परत आले, आणि यशवंतराव लॅपटॉपामागें जितकें दडवेल तितकें दडले. हरिणीबाईंनीं शांतपणें त्यांचे हातून लॅपटॉप घेतला, उद्गारचिन्ह पुसून टाकिलें, आणि म्हणाल्या, 'सगळ्यांनी गप्प बसा. यश, तू पण. आधी विचारायचं कोण नल आहे. मग विचारायचं कोण अनडिफाइन्ड आहे. वेगवेगळं.'

मग त्या बाईनें तीन बरोबर चिन्हांची चौकी बसविली. जो निखालस नल त्यास लाल, जो निखालस अनडिफाइन्ड त्यास पिवळा रंग नवा दिला, आणि राहिले ते, शून्यासहित, हिरवे. कळ दाबली आणि सारे पुढें वांकले. राजगोपाळराव हिरवे जाहले, सरोजाबाईंनीं पदर सोडला. मावशी पिवळी, आत्या पिवळी, भटजी पिवळे, मुरलीराव स्वतः पिवळे. आणि लाल उरले ते हरिणीबाईंच्या कचेरींतले दोघे साहेब, त्यांस बंगळूरास जावयाचें होतें, त्यांचें कोणास दुःख नव्हतें. हरिणीबाईंनीं यादी वर सारिली आणि एका नांवाशीं थांबल्या. वेंकोबाराव. पिवळे.

हरिणीबाई म्हणाल्या, 'अप्पा, काकांनी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नाही.' मुरलीराव जागचे उठले, आंत गेले, आणि धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, नेसून, कपाळीं गंध लावून बाहेर आले, आणि मोठ्यानें कोणास न म्हणतां म्हणाले कीं, 'ताट कोठें आहे? हळदकुंकू काढा.' आम्हीं मुरलीरावांस कितीही नांवें ठेवूं, परंतु चूक कळली कीं घटकाभर सुद्धां न रेंगाळणारा मनुष्य विरळा. सुब्बा आचाऱ्यांस सांगितलें कीं पिवळे सारे येणार समजून पानें मांडा, आणि प्रत्येकामागें चार जास्त. त्यांनीं समाधानानें मान हालविली आणि म्हणाले, हें आधींच सांगायचें, यंत्र कशास हवें होतें.

मग एन्नोरची स्वारी निघाली. यशवंतरावांची मोटार, त्यांचेच सारथ्य, शेजारीं मुरलीराव मांडीवर ताट धरून, मागें सरोजाबाई आणि हरिणीबाई. प्रथम मुक्काम टी. नगर, कारण सरोजाबाईंचा हुकूम कीं थोरल्या दिरांचे दारीं रित्या हातानें जाणार नाहीं, वैनीस रेशमी लुगडें आणि दिरांस जरीकांठी वेष्टी घेतल्याविना चाक हालवूं नये. आणि वैशाखांतलें टी. नगर म्हणजे काय वर्णावें! लग्नसराईचा लोक, बसांचा तोफखाना, रिक्षांचे छापे, मोटार उभी करावयास तसूभर जागा नाहीं, म्हणोन यशवंतराव त्याच चौकाभोंवतीं प्रदक्षिणा घालीत राहिले, आणि वाहतुकीच्या शिपायानें तिसरे फेऱ्यास हात हालवून ओळख दिली. सरोजाबाईंनीं दुकानींचीं सारीं लुगडीं उलगडून पहिलेंच पसंत केलें.

पुढें बंदराचे बाजूनें उत्तरेस कूच केलें, तों कंटेनर लादलेल्या लॉऱ्यांची रांग ऐसी कीं आदि दिसे ना अंत. मोटार गोगलगाईनें मागें टाकावी ऐशी चालली. ऊन माथ्यावर, तोंडीं राखेची चव, एकीकडे समुद्र, दुसरीकडे धुराडीं, आणि मुरलीरावांचे मांडीवरील ताटांत कुंकवानें हळदीच्या मुलखांत शिरकाव केला होता. ते मध्येंच म्हणाले, 'अण्णा बोलले नाहींत तर?' आणि सरोजाबाई म्हणाल्या, 'बोलतील.' थोडे वेळानें फिरून म्हणाले, 'दार उघडलें नाहीं तर?' आणि त्या म्हणाल्या, 'वैनी उघडतील.' यशवंतराव आपला पहिला नमस्कार कोठें आणि किती लांब घालावा याची तजवीज करीत होते.

वेंकोबाराव बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसले होते, हातीं वर्तमानपत्र. मोटार थांबली, चौघे उतरले, तरी पत्र खालीं जाहलें नाहीं. मग पत्राआडून आवाज आला, 'काय रे मुरली, वाट चुकलास काय?' मुरलीराव ताट घेऊन उन्हांत तैसेच उभे राहिले आणि म्हणाले, 'अण्णा, बोलवायला आलों.'

पत्र खालीं आलें. वेंकोबाराव म्हणाले कीं, 'आतां? तुझ्या जांवयाच्या यंत्रानें मला कधींच कळविलें. मी भला मनुष्य, साऱ्या गोतांत मीच एक तें पान उघडून शेवटपर्यंत वाचलें. त्यांत लिहिलें होतें, आपण येणार नाहीत, कळविल्याबद्दल आभार. मी म्हटलें, बरें. धाकट्यानें ठरविलें तर ठरविलें. आभार तरी मानले.' एवढें बोलले आणि शेवटीं आवाज फुटला, तो त्यांनीं खोकून झांकला. तेव्हां कळलें कीं ती दोन चिन्हांची चौकी दोन्हींकडे खोटें बोलली होती. इकडे सांगितलें भाऊ येत नाहीं, तिकडे सांगितलें भावास तुम्हीं यावयास नको, आणि दोघे म्हातारे भाऊ आपापल्या घरीं जेवण टाकून बसले होते.

हरिणीबाई धांवत तिण्णैवर गेल्या आणि म्हणाल्या, 'काका, फोन बघू. आत्ता उघडा ते पान.' वेंकोबाराव नको म्हणाले, हिनें हात धरिला, ते नको म्हणाले, हिनें खिशांतून फोन काढिला. चष्मा पुसून त्यांनीं पान उघडलें. लाल नव्हतें. पिवळ्या रंगांत, हरिणीबाईंनीं त्या सकाळीं स्वहस्तें घातलेलीं अक्षरें होतीं, तीं वेंकोबारावांनीं शाळेच्या मुलासारखीं मोठ्यानें वाचलीं, 'आपली वाट पाहत आहोत.' आणि फिरून एक वेळ वाचलीं. कमलिनीबाई दारांतून म्हणाल्या, 'अय्यो, हेंच आधीं लिहायला काय झालें होतें?'

त्या वेळीं यशवंतराव अंगणांत सपशेल आडवे जाहले आणि म्हणाले, 'काका, माझी चूक. दोनच इक्वल टाकले होते, तीन टाकायला हवे होते.' वेंकोबारावांस त्यांतलें कांहीं कळलें नाहीं. ते म्हणाले, 'बाळ, ऊठ, फरशी तापली आहे.' मग मुरलीरावांनीं ताट पुढें केलें, कमलिनीबाईंस सरोजाबाईंनीं हळदकुंकू लाविलें, थोरल्या बंधूंचे हातीं तांबूल दिला, आणि मुरलीराव रीतीप्रमाणें बोलावयास लागले कीं अण्णा, मुलगी तुमची, कार्य तुमचें, पुढें होऊन उभें राहावें. डोळे भरून आले, ते त्यांनीं एन्नोरच्या राखेवर ढकलिले. वेंकोबारावांनीं त्यांच्या डोकीवर हात ठेविला आणि म्हणाले, 'गाढवा, फोन करायचा होतास.' मुरलीराव म्हणाले, 'तुम्हीं करायचा होतात.' आणि मग कॉफी आली, ती आपण आजवर प्यालेल्या साऱ्या कॉफीहून सरस होती ऐसें चौघेही सांगतात.

निघते वेळीं यशवंतरावांनीं आदबीनें फोन पुढें करून विनंती केली कीं काका, तेवढा आकडा घालता का, म्हणजे रकाना हिरवा होईल. वेंकोबारावांनीं त्यांजकडे ऐसें पाहिलें कीं तो फोन आपोआप खिशांत गेला. हरिणीबाईंनीं तेथेंच अंगणांत हुकूम काढिला कीं थोरल्या काकांचे रकान्यांत कोणीं, कोणत्याही सबबीवर, कांहीं घालूं नये.

येणेंप्रमाणें तिहेरी चिन्हाची फत्ते जाहली, दुहेरी चिन्ह या घराण्यांतून हद्दपार जाहलें, वधू मांडवांत बसली, आणि वैशाखांतल्या त्या मुहूर्तावर विवाह यथासांग पार पडला, हें खरें म्हणोन लिहून ठेविलें असे. लाल साहेब दोघेही बंगळूर सोडून जेवावयास आले. वेंकोबारावांचा रकाना या क्षणापर्यंत रिता आहे, आणि लग्नाचे सकाळीं मुरलीराव मंगल कार्यालयाचें कुलूप उघडावयास गेले तेव्हां जरीकांठी वेष्टी नेसून अण्णा आधींच दारांत उभे होते, आणि म्हणाले, 'मुलीचा बाप ना तूं? ही यायची वेळ?'